वाईट चेंडूवर घरी जायचं नाही

अहो, तुम्ही त्या संध्याकाळी वाईट चेंडूवर घरी आलात.

तुम्ही गेलात हे मी हळूहळू मान्य करतेय. दुसरं काही करताही येत नाही. पण हे वाईट चेंडूचं काही केल्या मनातून जात नाही. दुबईतल्या अल क्वोजच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये इतकी वर्षं ज्याने पोरांना दाराशी अडवून ठेवलं आणि ‘वाईट चेंडूवर घरी जायचं नाही’ म्हणून परत आत पाठवलं, तो माणूस स्वतः मात्र तसाच घरी आला, जेवला, झोपला आणि सकाळचा चहा व्हायच्या आत निघून गेला. हे काय वागणं झालं?

ज्यांना तुमचा हा कायदा माहीत नव्हता, ते भेटायला आले तेव्हा त्यांना मीच सांगत बसले. सराव संपला की प्रत्येकाने एक शेवटचा बॉल टाकायचा. समोर बॅट्समन नाही. एकच स्टंप, आणि टप्पा जिथे पडायला हवा तिथे मॅटवर तुमचा पांढरा रुमाल. बॉल बोटांतून नीट सुटला आणि रुमालाच्या आसपास पडला की तुम्ही म्हणणार, ‘खलास. यल्ला, घरी.’ नाही पडला तर पुन्हा टाकायचा, परत नाही पडला तर परत. बाहेर गाड्यांमध्ये आईबाप एसी लावून बसलेले, कुणाची ट्यूशन, कुणाचा वाढदिवस, आणि आत त्यांचं लेकरू एका रुमालापायी घामाघूम झालेलं. सगळ्यांचं झालं की शेवटी तुम्ही स्वतः टाकायचात. ‘सरांना वेगळा कायदा नाही,’ म्हणत.

त्या संध्याकाळचं मला युसूफभाईंनी सांगितलं. शेड उघडणं, मॅट अंथरणं, दिवे मालवणं हे सगळं त्यांच्याकडे. ते म्हणाले, ‘भाभी, पहिला बॉल बीच में ही गिर गया. दूसरा साइड की जाली में. तीसरा सीधा फुलटॉस.’ मग तुम्ही खांदा चोळलात, रुमाल उचलून खिशात घातलात आणि म्हणालात, ‘कल देखेंगे.’ युसूफभाईंना तेव्हाच कसंतरी वाटलं होतं. तुमच्या तोंडून ‘कल’ हा शब्द त्यांनी त्या शेडमध्ये कधी ऐकलाच नव्हता.

घरी दार मी उघडलं. बॉल चांगला पडलेला असला की तुम्ही बूट रॅकमध्ये ठेवता आणि नाही तर दारातच सोडता, हे मला पाठ होतं. त्या दिवशी बूट दारात राहिले. ‘आज जमला नाही गं,’ म्हणालात. मी म्हटलं, ‘एक दिवस नाही जमला तर काय आभाळ कोसळतंय? हात धुवा आणि जेवायला बसा.’ तुम्ही बसलात. तोंडल्याची भाजी दोनदा घेतलीत. नंतर टीव्हीसमोर बसून नेहमीसारखा हातातल्या हातात बॉल फिरवत राहिलात, आणि मी नेहमीसारखं म्हटलं, ‘त्या बॉलला तरी झोपू द्या.’ सकाळी गॅलरीतल्या खुर्चीतून ‘आलं जरा जास्त टाक’ म्हणालात. मी आलं किसून, चहा गाळून कप घेऊन आले तेव्हा मान एका बाजूला कललेली होती. शेजारची नर्स मुलगी धावत आली, अँब्युलन्स आली, सगळं झालं. आलं घातलेला तो चहा संध्याकाळपर्यंत गॅलरीत तसाच होता. मग कुणीतरी कप उचलला.

भाऊजी अस्थी घेऊन सांगलीला गेले. हरिपूरच्या संगमावर दहावं केलं. मी इथे शारजात, रोल्लाच्या घरात, आपल्या ओंकारच्या फोनवर बघत होते. मला वाटलं, आता कावळा अडून बसणार. गावभर सांगतील, चौगुल्यांचा जीव कशात तरी अडकलाय. मी मनात तयारी करून बसले होते, भाऊजींना काय कबूल करायला सांगायचं याची. पण पिंड ठेवून भाऊजी मागे सरकतात न सरकतात तोच कावळा आला आणि घास घेऊन गेला. तिकडे सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ‘वहिनी, बघा, दादाची काही इच्छा राहिली नव्हती,’ भाऊजी रडत म्हणाले. पण मला ते पटलं नाही हो. त्या कावळ्याला क्रिकेटमधलं काय कळतंय?

तुमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी तुमच्यावर लिहिलं. किती सामने, किती बळी, कुठल्या साली कुठे. सगळं बरोबर असेल. मला मात्र वाचून कुणा परक्या माणसाबद्दल वाचल्यासारखं वाटलं. त्यात बारावा खेळाडू म्हणून काढलेले दिवस नव्हते, आणि तुमची अर्धी कारकीर्द तर तिथेच गेली. लग्न झालं त्या हिवाळ्यात तुम्ही मला मोठ्या थाटात सामना बघायला नेलंत. सासूबाईंनी जरीची साडी नेसायला लावली. मी स्टँडमध्ये जरीची साडी नेसून चार दिवस बसले, आणि तुम्ही पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, केळी नेऊन देत होतात. चौथ्या दिवशी शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘तुमचे मिस्टर ग्राउंड स्टाफमध्ये का?’ रात्री तुम्हाला सांगितलं तर तुम्ही इतके हसलात की खाटेवरून पडायचे बाकी होतात. तेव्हाच मला कळलं, या माणसाशी आपलं जमणार.

आपल्या राज्याच्या संघात तुमच्या पुढे कायम कुणीतरी होतं. मग दुसऱ्या राज्याने पाहुणा खेळाडू म्हणून बोलावलं, तिथे दोन मोसम झाले. मग तिसऱ्याने. दर वेळी बॅग भरायची, दर वेळी नवीन गावातली खानावळ, नवीन कॅप्टन, आणि दर वेळी तुम्ही पहिल्या दिवशी शाळेत निघालेल्या मुलासारखे खूश. माझे बाबा मला विचारायचे, ‘जावईबापूंचं पक्कं कधी होणार?’ मी म्हणायचे, ‘होईल.’ मला तेव्हाही माहीत होतं की होणार नाही. डावखुऱ्या फिरकीवाल्यांची तेव्हा रांग लागली होती, आणि रांगेत पुढे घुसायची कला तुम्हाला कुणी शिकवलीच नव्हती. पण तुमच्यासारखा बॉल हवेत उंच सोडायची हिंमत त्या रांगेत कुणाकडे नव्हती, हे मी आज सांगते. तेव्हा नाही सांगितलं. तेव्हा मी म्हणायचे, ‘जरा जोरात टाकत चला, उगाच सिक्स खाता.’

आणि मग तो सामना. ओंकार माझ्या मांडीवर होता. समोरच्यांची शेवटची जोडी, त्यांना जिंकायला चार धावा, आपल्याला एक विकेट. कॅप्टनने बॉल तुमच्या हातात दिला. तुम्ही सरळ जाणारा बॉल टाकायचं ठरवलंत, जो वळेल असं वाटतं आणि वळत नाही. घामाने बोटं निसटली. फुलटॉस पडला, आणि त्या दहाव्या नंबरच्या पोराने, ज्याला बॅट धड धरता येत नव्हती, तो फेकून दिला सीमेपार. संपलं. निवड समितीकडून पुन्हा फोन आला नाही. त्याच्यानंतर तुम्ही त्या पातळीवर एकही बॉल टाकला नाहीत. परतीच्या बसमध्ये तुमची डावी मूठ मिटलेली होती. ओंकारने त्याच्या इवल्या बोटांनी ती उघडायचा प्रयत्न केला, तरी तुम्हाला कळलं नाही.

कितीतरी वर्षांनी, शारजात, एकदा भांडताना तुम्ही म्हणालात, ‘तो बॉल मी घरी आणला, नंदा. अजून घरातच आहे तो.’

भांडण कशावरून चाललं होतं तेही मी विसरले.

इंग्लंडच्या त्या उन्हाळ्याबद्दलही त्या लेखात काही नव्हतं. उत्तरेकडचं गिरण्यांचं गाव, क्लबने ठेवलेले तुम्ही एकमेव पगारी खेळाडू, म्हणून सगळं गाव तुम्हाला ‘प्रो’ म्हणायचं. मला वाटलं होतं प्रो म्हणजे काहीतरी मान असेल. तिथे गेल्यावर कळलं की प्रोने खेळायचंही, गवतही कापायचं, रोलरही ओढायचा आणि त्यांची पोरंही शिकवायची. चहाच्या सुट्टीत बायका काकडीचे सँडविच द्यायच्या. एका शनिवारी मी कढईभर कांदेपोहे करून नेले. त्या दिवशी त्यांचा कॅप्टन चहानंतर मैदानात यायलाच तयार होईना. तिथल्या पोरांना शिकवता शिकवता तुम्हाला पहिल्यांदा कळलं की आपल्याला शिकवता येतं. घरी येताना पावसात भिजत मला म्हणालात, ‘अगं, तो केविन आज हसला.’ एवढंच. स्वतःच्या पाच विकेटींबद्दल तुम्ही कधी इतकं तोंड भरून बोलला नव्हतात.

मग इकडे. दुबईतल्या देरा भागातल्या त्या कंपनीने नोकरी दिली. पदाचं नाव स्टोअर्स असिस्टंट, आणि खरं काम शुक्रवारी बॉलिंग. त्यांच्या टीमला ट्रॉफी हवी होती आणि तुम्हाला बॉल. वाळूचं मैदान, मधे सिमेंटची पट्टी, वर मॅट. तुम्ही म्हणायचात, ‘या मॅटवर बॉल वळतो बघ, सांगलीत नाही वळला एवढा.’ पण कंपनीच्या कीपरला काही तुमचा बॉल समजेना. दर शुक्रवारी बायच्या धावा जायच्या, दर शुक्रवारी तुम्ही घरी येऊन डोक्याला हात लावून बसायचात. एका पहाटे तुम्ही मला उठवलंत आणि म्हणालात, ‘चल, खाली.’

आपल्या बिल्डिंगच्या मागचा तो वाळूचा मोकळा तुकडा. आता तिथे टॉवर आहे. मी पंजाबी ड्रेस, पायात ओंकारचे पीटीचे बूट, हातात कुंड्यांच्या कामाचे रबरी हातमोजे. वॉचमन खुर्ची टाकून अंपायर झाला. येणाऱ्याजाणाऱ्या बायका थांबून बघायच्या, मी शरमेने अर्धी व्हायची. पण अहो, एक सांगू? मला ते आवडायचं. तुमचा नेहमीचा बॉल टप्पा पडला की माझ्या उजव्या हाताकडे वळायचा, आणि तो फडफडत यायचा तो आवाज मला आधीच ऐकू यायला लागला होता. फक्त तो सरळवाला काही ओळखता येईना. मी उजवीकडे हात न्यायची आणि तो थेट आत यायचा. एकदा अंगठ्यावर बसला. आठवडाभर मी डाव्या हाताने पोळ्या लाटल्या, आणि तुम्ही शेजारी उभे राहून त्या वेड्यावाकड्या पोळ्या भाजल्यात.

त्यानंतर तुम्ही खूण काढलीत. सरळ बॉल टाकायचा असेल तर धावायच्या आधी उजव्या मनगटाकडे बघायचं, घड्याळ बघतो तसं. मनगटावर घड्याळ नसायचंच. बॅट्समनला वाटणार, माणूस आपला उगाच बघतोय. कीपरला मात्र कळणार. मी म्हटलं, ‘मग तुमच्या टीमच्या त्या कीपरलाही सांगा ना.’ तुम्ही म्हणालात, ‘नाही. ही तुझ्यासाठी काढलीय. त्याचा अंगठा त्याचा त्याने सांभाळावा.’ पुढे वाढदिवसाला तुम्ही मला साडी नाही, खरे कीपिंग ग्लव्ह्ज आणलेत. माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘नंदे, तुझ्या नवऱ्याला डॉक्टरला दाखव.’ पण ते ग्लव्ह्ज मी साड्यांच्या कपाटातच ठेवले, बरोबर पैठणीच्या शेजारी.

कंपनीची टीम बंद पडली. तुमचा खांदा बोलायला लागला. मला वाटलं, चला, आता सांगलीच्या फ्लॅटचं कुलूप निघणार. तो आपला न संपणारा वाद. मी म्हणायचे, ‘परत जाऊ.’ तुम्ही म्हणायचात, ‘इन्शाल्ला, एवढा सीझन होऊ दे.’ आधी एका शाळेतली पोरं, मग दुसऱ्या शाळेतली, मग टायरच्या दुकानामागची ती शेड. नेटमधली पोरं केरळची, पेशावरची, कोलंबोची, मिरजेची, आणि सगळी तुमच्याशी इंग्रजीत बोलायची. ‘चौगुले’ कुणाच्या जिभेला जमेना, म्हणून तुम्ही झालात ‘चौ सर’. तुमचं इंग्रजी तर काय विचारता. ‘बॉल इज लाइक अ गेस्ट. डू नॉट पुश हिम आउट. ही विल गो.’ मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. पण पोरांना कळायचं हो. एका दिवशी एका पोराला एकच गोष्ट सांगायची, दुसरी सांगायची नाही, हा तुमचा दुसरा कायदा. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घेऊन येणाऱ्या बापांनाही तुम्ही चहा पाजून शांत करायचात. एकालाही कधी तोडून बोलला नाहीत. माझ्यावर ओरडायचात, ते वेगळं.

त्या शेवटच्या बॉलवरून मात्र मी तुमच्याशी मनापासून भांडले. रेवावरून. तेरा वर्षांची ती पोरगी, घरी मराठी ऐकणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी, तुमच्यासारखीच डावखुरी. तुम्ही तिच्या हाताला फारसं काही केलं नाहीत, पण बघता बघता तिची चाल तुमची झाली, ते दोन पावलं थांबल्यासारखं करून मग उसळणं तर हुबेहूब तुमचं. त्या संध्याकाळी तिचा शेवटचा बॉल काही केल्या पडेना. ती रडायला लागली. तिची आई आत येऊन बसली, इतर पोरं कंटाळली, आणि तुम्ही आपले रुमाल सरळ करताय. घरी आल्यावर हे सांगितलंत तेव्हा मी भडकले. म्हटलं, ‘लहान पोर आहे. वाईट बॉल सगळ्यांचाच पडतो. पडला तर पडला. घरी आईच्या हातचं जेवून झोपली असती तर सकाळी विसरली असती.’

तुम्ही म्हणालात, ‘विसरत नाही गं. चांगल्या बॉलवर झोप लागते. वाईट बॉलवर नुसतं पडून राहतो माणूस.’

मी म्हटलं, ‘तुमचं दुखणं पोरांच्या गळ्यात कशाला?’ तुम्ही गप्प बसलात. मला वाटलं, जिंकले. आता वाटतं, तुम्ही उत्तर शोधत होतात आणि ते द्यायचं राहून गेलं.

आणखी एक राहिलं. तुम्ही दर महिन्याला म्हणायचात, ‘एकदा शेडवर ये. पोरांना दाखवतो माझी कीपर.’ मी म्हणायचे, ‘या वयात? गुडघे बघितलेत का माझे?’ तुम्ही म्हणायचात, ‘गुडघे मी बघतो, तू हात आण.’ आपण हसायचो आणि विषय तिथेच संपायचा.

तर परवा युसूफभाईंचा फोन आला. म्हणाले, ‘भाभी, एक प्रॉब्लेम है.’ अकादमीने एक तरुण कोच पाठवलाय, मुलगा चांगला आहे, पोरं त्याच्याकडे सराव करतात. आपापला शेवटचा बॉलही टाकतात. पण त्यानंतर कुणी घरी जात नाही. मॅटवर बसून राहतात. बाहेर गाड्या हॉर्न वाजवतात, आईबाप आत येऊन ओढून नेतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ‘बोलते हैं, सर का बॉल बाकी है.’

मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा खूप रडले. स्मशानात नव्हते रडले एवढी. म्हणजे हे मला एकटीलाच छळत नव्हतं. त्या पोरांनाही कळलं होतं की तुम्ही तसेच घरी गेलात. मला वाटत होतं, एक बॉल आधीच घरात होता, आता हा दुसरा आला, आणि आता मी एकटी या दोन्हींबरोबर राहायचंय.

मग उठले. पैठणीशेजारचे ग्लव्ह्ज काढले. चामडं पार कडक झालं होतं. तुमच्या त्या भेगाळलेल्या बोटाला लावायची खोबरेलाची बाटली बाथरूममध्ये होतीच, तीच ओतून दुपारभर चोळत बसले. ओंकार ऑफिसातून आला, माझ्याकडे बघून दारातच थबकला. ‘मॉम, आर यू शुअर?’ मी म्हटलं, ‘गाडी काढ.’ तुमचा मुलगा आहे, जन्मात बॉल हातात धरला नाही, पण वाद घालायचा नाही केव्हा हे त्याला कळतं. अल क्वोजला जाताना फक्त एकदा म्हणाला, ‘बाबा यूज्ड टू टॉक अबाउट धिस. यू, कीपिंग.’ आणि रस्त्याकडे बघत राहिला.

शेडमध्ये गेले तर पोरं मॅटवर बसलेली. मला बघून सगळी उभी राहिली. त्या तरुण कोचने खुर्ची आणली. मी म्हटलं, ‘खुर्ची नको बाळा, स्टंप लाव.’ युसूफभाईंना कळलं. त्यांनी एक स्टंप लावला. रुमाल मी घरून आणला होता, तुमच्या खिशातला तोच, मी अजून धुतला नव्हता. तो मी स्वतः अंथरला. एका पोराने पळत जाऊन हेल्मेट आणलं. ‘सेफ्टी रूल, आंटी.’ त्यावर कसलासा डायनासोर चिकटवलेला होता. ते डोक्यावर घालून तुमची कीपर स्टंपमागे वाकली, आणि गुडघ्यांनी जो आवाज केला तो शेवटच्या पोरापर्यंत गेला असणार. कुणी हसलं नाही. तुम्ही असतात तर हसला असतात.

मी विचारलं, ‘सरांचा बॉल कोण टाकणार?’ पोरांनी एकमेकांकडे बघितलंच नाही. सगळ्यांनी रेवाकडे बघितलं.

पहिला बॉल आखूड पडला. मी परत फेकला. दुसरा फुलटॉस, माझ्या खांद्यावरून जाळीत. रेवाने ओठ चावला. मला वाटलं, आता ही रडणार, आणि मग मीही. बाहेर एक हॉर्न वाजला आणि थांबला. ओंकार जाळीला धरून उभा होता.

तिसऱ्या वेळी ती मागे गेली, वळली, आणि धावायच्या आधी तिने स्वतःच्या उजव्या मनगटाकडे बघितलं. मनगट रिकामं होतं.

अहो, माझ्या डोक्याला काही कळायच्या आत माझ्या हातांना कळलं. इतक्या वर्षांनी. हात उजवीकडे गेलेच नाहीत, जिथे होते तिथेच थांबले. ती दोन पावलं थांबल्यासारखी झाली, उसळली, आणि बॉल उंच सुटला, वर गेला, दिव्याखाली क्षणभर दिसेनासा झाला, आणि रुमालाच्या कडेवर पडून अजिबात न वळता, स्टंपच्या अगदी कडेने, सरळ माझ्या हातात आला.

मला उठताच येईना. ओंकारने येऊन हाताला धरून उठवलं. मी हेल्मेट काढून रेवाला विचारलं, ‘ही खूण तुला कुणी सांगितली गं?’

‘चौ सर.’ ती धापा टाकत होती. ‘ही सेड इट्स नॉट फॉर मॅचेस. ओन्ली इफ आंटी कम्स टू कीप.’

म्हणजे तुम्ही वाट बघत होतात. मला न सांगता त्या पोरीला तयार करून ठेवली होतीत, मी एक दिवस येईन म्हणून. मी येणार नाही असं हजारदा सांगूनही. तुमच्या चिकाटीला किती शिव्या घातल्यात मी आयुष्यभर, आणि त्याच चिकाटीने तुम्ही मला तिथे आणून उभी केलीत. तुम्ही फार मोठे गोलंदाज होतात हो. राज्याला कळलं नाही, निवड समितीला कळलं नाही, मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. बोलायचं राहिलं.

पोरं माझ्याकडे बघत उभी होती. ती कशासाठी थांबलीयत हे मला जरा उशिरा कळलं. मी रुमाल उचलला, झटकला आणि म्हटलं, ‘खलास. यल्ला, घरी.’

ती सगळी पळाली. बाहेर दारं आपटल्याचे आवाज आले, गाड्या निघाल्या, युसूफभाईंनी दिवे मालवले. ओंकारने विचारलं, ‘आई, उद्या आणू तुला?’ मॉम नाही म्हणाला. मी म्हटलं, आण.

घरी आले तेव्हा तुमचे बूट दारातच होते, त्या संध्याकाळपासून कुणी हात लावला नव्हता. मी ते उचलले, पुसले आणि रॅकमध्ये ठेवले. बॉल आला हो हातात. झोपा आता.